नाव घेऊन हाळी

सोमवारी सकाळी मेल उघडली आणि मला कळलं, की जगातल्या चारशे माणसांच्या मते मी एक उद्धट बाई आहे. चारशे म्हणजे आमच्या मेलिंग लिस्टवर नावंच तेवढी. त्यांतली तोंड उघडणारी पंधरावीस. पण गप्प बसणारेही आपापल्या घरी मान डोलावत असणार, असं धरून मी चारशेच म्हणते. मोडेमचं केकाटणं थांबलं, पत्रं एकेक करून उतरायला लागली, आणि बघते तर सगळ्यांच्या माथ्यावर विषय एकच, शनिवारी मी घातलेला. मला बरं वाटलं. म्हटलं, चला, मंडळी कामाला लागली. पहिलं पत्र उघडलं. मी दाखवलेल्या चुकीबद्दल त्यात अक्षर नव्हतं, माझ्या सुराबद्दल होतं. दुसऱ्यात होतं, की एका होतकरू तरुणाला चव्हाट्यावर असं नाव घेऊन झोडपणं बरं नव्हे. तिसरा एक कॅनडातला गृहस्थ. हा मला दर वर्षी न चुकता दिवाळीच्या शुभेच्छा पाठवतो, फक्त दिवाळी होऊन पंधरा दिवसांनी. त्यानं लिहिलं होतं, सत्यवती, तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती, वेगळ्या झालेल्या माणसावर असा सूड उगवू नये. सूड! मी खुर्चीत मागे टेकले. माझा नवरा दिनानाथ तळोज्याच्या कंपनीतून रात्रपाळी करून आला होता आणि चहात पाव बुडवत बसला होता. माझं तोंड बघून म्हणाला, "काय गं, कोण गेलं?" मी म्हटलं, "कुणी नाही. मलाच घालवायला निघालेत." "असं? मग आज डबा नेणार की नाही?" हा माणूस असाच आहे. आभाळ कोसळलं तरी आधी डब्याची चौकशी करील. एरवी मला त्याचं हसू येतं, त्या दिवशी आलं नाही. मला वाईट वाटलं होतं, आणि वाईट वाटल्याचाच राग आला होता.

मी नवीन पनवेलच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मायक्रोप्रोसेसर शिकवते. तो माझा पोटाचा धंदा. जिवाचा धंदा म्हणजे पेबल. पेबल हा असेंबलर आहे, आणि ती चारशे जणांची लिस्ट त्याच्या वापरणाऱ्यांची. वजनकाट्यात, कपडे धुण्याच्या यंत्रात, लिफ्टमध्ये छोट्या चिपा असतात. त्यांना आकड्यांपलीकडे काही कळत नाही. माणूस आज्ञा लिहितो अक्षरांत, हे घे, ते मिळव, तिकडे जा. असेंबलर त्या आज्ञांचे चिपला कळणारे आकडे करून देतो. मध्ये स्वतःची अक्कल पाजळायची नाही, हा त्याचा धर्म. पेबल फुकट मिळतो, आणि तो ज्यातून तयार होतो तो सोर्स कोडही फुकट; कुणीही घ्यावा, उघडून बघावा, बदलावा, पुढं द्यावा. हॉलंडातल्या एका म्हाताऱ्यानं तो लिहिला. मी त्याला चुका दाखवायचे, मग चुका दुरुस्त करूनच पाठवायला लागले, आणि चौऱ्याण्णव साली त्याचं पत्र आलं, की माझे डोळे गेले, आता तू बघ. त्याचं घर समुद्राच्या पातळीखाली आहे असं त्यानं एकदा लिहिलं होतं. मी कळवलं, आमचंही गाव तसंच. एवढीच आमची ओळख. तेव्हापासून मी बघते. बघते म्हणजे नक्की काय करते, असं माझी नणंद दर गणपतीत विचारते. कुणी तक्रार केली तर ती खरी आहे का ते तपासायचं. कुणी दुरुस्ती पाठवली तर घ्यायची का ते ठरवायचं. बहुतेक वेळा नाही म्हणायचं. खरं काम हेच, नाही म्हणण्याचं, आणि ते मला फार छान जमतं.

सुशांतला मी वर्षभर नाही म्हणत आले होते. तो पुण्यातल्या एका लहानशा कंपनीत आहे. तिथं लिफ्ट चालवणारे कंट्रोलर बनवतात. त्याचं म्हणणं उडीबद्दल होतं. प्रोग्राम सरळ चालता चालता मध्येच 'इथून तिकडे जा' म्हणतो, ती उडी. ठिकाण जवळ असेल तर दोन आकड्यांची आखूड उडी पुरते, दूर असेल तर तीन आकड्यांची लांब लागते. पेबल शंका आली की लांबच घेतो, आणि एकदा घेतली की पुन्हा आखूड करत नाही. म्हाताऱ्यानं तिथं कोडात एवढंच लिहून ठेवलं होतं: आखूड करू नका, माझं ऐका. आता सुशांतचा प्रोग्राम चिपमध्ये थोडक्यासाठी मावत नव्हता आणि त्याचे साहेब मोठी चिप घ्यायला तयार नव्हते. म्हणून त्यानं उड्या आखूड करणारा भाग लिहिला आणि मला पाठवला. मी म्हटलं, नाही. त्यानं सुधारून पाठवला. मी म्हटलं, नाही. कारण मला ठाऊक होतं. प्रोग्राममध्ये जागोजागी खुंट्या ठोकलेल्या असतात, की हा भाग अमक्या जागीच सुरू झाला पाहिजे. उडी अशा खुंटीपलीकडे जाणारी असेल तर मोठी गंमत होते. ती आखूड केली की तिचं टोक, जिथून अंतर मोजतात ते, एक घर मागे सरतं, ठिकाण खुंटीला बांधलेलं, ते जागचं हलत नाही, म्हणून अंतर एका घरानं वाढतं आणि आखूड उडी पोचत नाही. बरं, लांब केली तर अंतर एका घरानं कमी होतं आणि आता आखूड पुरेल असं वाटतं. असेंबलर बिचारा आखूड, लांब, आखूड, लांब करत बसतो. हे मला समजायला एक अख्खा उन्हाळा लागला होता. सुशांतला मी ते लिहिलं नाही. मला तरी कुणी कुठं समजावून सांगितलं होतं? ऑगस्टात त्यानं वेगळी चूल मांडली. पेबलचा सोर्स घेतला, त्यात आपल्या आखूड उड्या घातल्या, ग्रिट असं नाव ठेवलं आणि लिस्टवर जाहीर केलं. लोकांना आवडला. आवडणारच, प्रोग्राम लहान झालेला कुणाला नको असतो?

शनिवारी सकाळी मी ग्रिट उतरवून घेतला. सवतीची साडी कशी आहे ते आपण बघतोच, तसा. म्हाताऱ्यानं जमवलेले जुने, वाकडेतिकडे प्रोग्राम माझ्याकडे आहेत, ते एकामागून एक त्याच्यावर सोडले, आणि एकावर तो घसरला. आखूड-लांबचा खेळ संपेना म्हणून सुशांतनं तिथं काय केलं होतं, तर ठरावीक फेऱ्या झाल्या की थांबायचं आणि त्या घडीला हातात जे असेल ते खरं मानायचं. न पोचणारी आखूड उडी तशीच चिपमध्ये जाणार होती. चिपला कळत नाही की आपण पोचलो नाही. ती भलत्याच ठिकाणी पाय टेकते आणि तिथून पुढं चालायला लागते. आणि ही चिप लिफ्टमध्ये. मी क्षणाचाही विचार केला नाही. लिस्टवर सगळ्यांना लिहिलं: सुशांत, तुझी उडी चुकते आहे. ग्रिट कुणी वापरू नका. चुकणारा प्रोग्राम सोबत जोडला आहे, चालवून बघा. खाली माझं नाव. मग शांतपणे अंघोळीला गेले. काम केल्याचं समाधान असतं ते होतं, दुसरं काही नव्हतं. सोमवारी मला कळलं, की मी सूड घेतला होता.

कॉलेजला चालत जाताना मी त्या शब्दाचा विचार करत होते. माझ्या बाजूनं मी फक्त रीत पाळली होती. आमचं गाव गव्हाण. वडिलांची, म्हणजे महादेव घरतांची, मिठागरं होती. त्यांच्यात आणि माझा काका रामू याच्यात वाटून गेलेली. भाऊ कशावरून फाटले ते मला आजवर कळलेलं नाही. आई म्हणते जाळ्यावरून, काकी म्हणते आईवरून. घर वाटलं, चुली वाटल्या, विहिरीवर जायच्या वेळासुद्धा वाटल्या. पण खाडीच्या बाजूचा बाहेरचा बांध वाटून भागत नाही. कुणाच्या हद्दीत कुठला तुकडा ते ठरलेलं असतं, तरी उधाणाच्या पाण्याला ते कुठं माहीत? एकाच्या तुकड्याला खांड पडली, म्हणजे बांध फुटला, की सगळ्यांच्या मिठाचं पाणी. म्हणून रीत अशी, की खांड ज्याला पहिली दिसेल त्यानं हाळी द्यायची, आणि ज्याचा तुकडा असेल त्याचं नाव घेऊनच द्यायची. नुसतं 'खांड पडली' म्हटलं तर जो तो आपापला तुकडा सांभाळत बसेल. वडिलांनी वर्षानुवर्षं काकाचं नाव तोंडातून काढलं नव्हतं. 'तो', 'पलीकडचा' असंच म्हणायचे. पण उधाणाच्या दिवशी बांधाकडून त्यांचा आवाज यायचा, "रामूऽऽ!" सगळं गाव ऐकायचं. त्यात कुणाचा अपमान झाला असं कधी कुणाला वाटलं नाही, काकाला तर नाहीच. मी आठ-नऊ वर्षांची असेन. अमावास्या जवळ आली की मी मनातल्या मनात म्हणायचे, येऊ दे उधाण, मोठं येऊ दे. मिठाचं काय होईल ते होवो, बाबांनी एकदा काकाला हाक मारलेली मला ऐकायची असायची. पुढं सरकारनं जमिनी घेतल्या, भराव पडला, बांध गेला, मीठ गेलं. वडील मात्र संध्याकाळी बांध होता तिथून चालायचे. भरावावरून, ट्रकांच्या चाकोऱ्यांमधून, मान खाली घालून, बाजू न्याहाळत. लोक हसायचे. मी तेव्हा कॉलेजात होते आणि मला त्यांची लाज वाटायची. अलीकडे ते चालणं मला वारंवार आठवतं. ग्रिट आल्यापासून जास्तच. पेबलकडे कुणी फिरकेनासं झालं तरी मी रोज सकाळी मेल उघडून तक्रार आली का बघत बसेन, असं काहीसं मनात येतं. मी लगेच दुसरा विचार करते.

दुपारी कॉलेजच्या फाटकापाशी एसटीडी बूथ आहे तिथून पुण्याला फोन लावला. सुशांतच्या प्रत्येक पत्राखाली त्याच्या ऑफिसचा नंबर असतोच.

"सुशांत? सत्यवती घरत बोलतेय. पनवेलहून."

"बोला मॅडम."

"मी जोडलेला प्रोग्राम चालवून बघितलास?"

"मॅडम, मी जरा मीटिंगमध्ये आहे."

"दोन मिनिटांचं काम आहे."

"मॅडम, तुम्ही मला पर्सनल मेल टाकू शकला असतात. आमचे साहेब आहेत त्या लिस्टवर. सगळं ऑफिस आहे. काय वाटलं असेल मला?"

"तुला एकट्याला लिहिलं असतं तर तू एकट्यानं वाचलं असतंस. तुझा ग्रिट किती जणांनी उतरवून घेतलाय, ठाऊक आहे तुला? त्यांना कोण सांगणार?"

"तो माझा प्रॉब्लेम होता. मी सांगितलं असतं."

"चिपांमध्ये प्रोग्राम कधी भरताय?"

"बुधवारी. आणि भरणारच आहोत. आमचा प्रोग्राम टेस्ट झालाय, त्यात काही इश्यू नाही."

"आज नसेल. उद्या त्यात एक ओळ वाढली की येईल."

"वर्षभर तुम्ही मला एका शब्दात उत्तर दिलंत, मॅडम. नो. का, ते कधी सांगितलं नाहीत. आणि मी वेगळं काढलं तर आता एकदम एवढा इंटरेस्ट?" त्यानं फोन ठेवला. ठेवला म्हणजे आपटला नाही; पुण्याचा मुलगा, हळूच ठेवला. मला ते जास्त लागलं. बूथवाला म्हणाला, "पुन्हा लावू का?" मी म्हटलं, नको. मुलगा चुकत होता आणि बरोबरही बोलत होता. दोन्ही एकाच वाक्यात कसं करतात हे लोक? मी बरोबर होते याबद्दल मला अजूनही तिळमात्र शंका नव्हती. पण बरोबर असून मी एसटीडी बूथमध्ये उभी होते आणि बुधवारी चिपा भरल्या जाणार होत्या, हेही खरं होतं. दुपारचं प्रॅक्टिकल मी दुसऱ्या बाईंच्या गळ्यात घातलं आणि सहा आसनी रिक्षात बसून गव्हाणला गेले. राग आला की मी आईकडे जाते. दिनानाथकडे राग नेऊन उपयोग नसतो, तो त्यावर जेवण सुचवतो.

आई ओटीवर करंदी, ती बारीक कोळंबी, सोलत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "काय गो बाय, सोमवारची आलीस? भांडलीस काय जावयाशी?" मी म्हटलं, त्याच्याशी कोण भांडणार. मग तिच्यासमोर बसले आणि करंदी सोलता सोलता सगळं सांगितलं. असेंबलर, उडी, खुंटी, लिफ्ट, सुशांत. आईला यातलं काय कळतं असं मला कुणी विचारलं तर मी सांगेन, की तिला कुणाचं काय बिघडलंय तेवढं कळतं आणि बाकीचं ती सोडून देते. सगळं ऐकून तिनं विचारलं, "तं खांड त्याच्या बांधाला हाय?"

"त्याच्या."

"आन् तो तुज्यापासून येगला झायलाय."

"हो. ऑगस्टपासून."

"मंग तू आरडलीस?"

"ओरडले. नाव घेऊन. सगळ्यांना ऐकू जाईल असं."

"बरा केलंस," आई म्हणाली. मला इतकं बरं वाटलं, की चारशे जणांविरुद्ध एक माणूस माझ्या बाजूचं निघालं असं वाटून डोळ्यांत पाणी आलं. पण ती थांबली नव्हती. "आन् माती?"

"कसली माती?"

"आरडलीस, मंग माती घेऊन गेलीस का नाय? तुजा बापूस आरडायचा तो काय जागेवर उबा राऊन? आरडत आरडतच टोपला उचलून धावायचा. रामू पोचायच्या आदी ह्यो त्याच्या खांडीत कमरेएवढ्या पान्यात उबा. ज्यानं हाली दिली त्याचा टोपला पयला पडला पायजे. नुसता आरडून घरी बसला त्याला आमी कोला म्हनायचो." मग मला कळलं नसेल असं वाटून तिनं फोड केली, "कोल्हा गो. आरडतो, येत नाय."

हे मला माहीतच नव्हतं. उधाणाच्या वेळी पोरांना बांधाकडे जाऊ देत नसत, दाराशी आजी उभी असायची. मी हाळी ऐकली होती, बांधावर काय चालायचं ते कधी पाहिलं नव्हतं. एवढी वर्षं मी ती रीत अर्धीच उराशी बाळगून होते, आणि तीच अर्धी रीत मी शनिवारी साऱ्या जगाला ऐकवली होती. कॅनडातल्या माणसाला सूड दिसला त्यात त्याची काय चूक? आवाज आला होता, माणूस आलं नव्हतं. मला हसू फुटलं. आई म्हणाली, "हसतंस काय?" मी म्हटलं, "मी कोल्हा झाले गं." "मंग आता जा ना," ती म्हणाली, आणि सोललेली करंदी उचलून आत गेली.

मंगळवारी मी रजा टाकली आणि सकाळी उजाडताच सुशांतचा सोर्स उघडला. दुसऱ्याचं कोड वाचणं म्हणजे दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात शिरणं. डबे कुठल्या फळीवर ठेवलेत त्यावरून माणूस कळतो. सुशांतचा हात चांगला होता. हे मी आधीच ओळखलं होतं. त्याचा पहिला भाग आला तेव्हाच ओळखलं होतं आणि मला ते आवडलं नव्हतं, हेही आता म्हणायला हरकत नाही. त्यानं नावं नीट ठेवली होती. माझे जुने शेरे कुठं पुसले नव्हते. म्हाताऱ्याचं ते 'माझं ऐका' तसंच ठेवून खाली लिहिलं होतं, ऐकलं, पण पटलं नाही. मी मोठ्यानं हसले. तासभर मी नुसतं वाचलं. मग कागदावर चौकोन काढले, उड्यांचे बाण काढले, खोडले. म्हातारा म्हणाला होता, आखूड करू नका. सुशांत म्हणत होता, करून टाका. दोघांच्या मध्ये वाट होती आणि मी तीन वर्षं म्हाताऱ्याच्या बाजूला उभी असल्यामुळं ती मला दिसली नव्हती. उड्या खुशाल आखूड करा. पण एखादी उडी आखूड होऊन पुन्हा लांब झाली, की समजायचं, हिचा खेळ सुरू झाला. तिला तिथंच लांब म्हणून बांधून टाकायची, मग ती कितीही म्हणो की आता मला आखूड पुरेल. अशा उड्या हजारात दोन-चार. बाकीच्या सगळ्या सुखानं आखूड. आणि सलग दोन फेऱ्यांत काहीच हललं नाही तरच थांबायचं, दमलो म्हणून थांबायचं नाही. बस, एवढंच. पाचसहा ओळींचं काम. इतकं सोपं निघालं, की मला उठून गॅलरीत जाऊन यावं लागलं. खाली समोरच्या प्लॉटवर करंजाडेकडून आलेला विटांचा ट्रक रिकामा होत होता. मी तो संपूर्ण रिकामा होईपर्यंत बघत उभी राहिले, इतका आनंद झाला होता.

दिनानाथ झोपून उठला, मागे येऊन उभा राहिला. त्याला मी थोडक्यात सांगितलं. तो असेंबलरबद्दल अक्षर जाणत नाही, पण व्यवहार जाणतो. म्हणाला, "मग हे तुझ्यातच घाल की. त्याच्या आखूड उड्या घ्यायला परवानगी आहे ना?" "आहे." "तुझी दुरुस्ती, त्याच्या उड्या, तुझं नाव. लोक परत तुझ्याकडे. त्याला कशाला देतेस?" अगदी हाच विचार मी गॅलरीत करून आले होते. कुणी हरकत घेतली नसती. उलट टाळ्या मिळाल्या असत्या, कॅनडावाल्यानं माफी मागितली असती, बहुधा पंधरा दिवस उशिरा. आणि त्याच्या चिपा बुधवारी भरल्या जाणार होत्या. "त्याच्या खांडीची माती माझ्या बांधावर टाकू?" मी म्हटलं. "म्हणजे काय?" "काही नाही. गव्हाणचं आहे." तो म्हणाला, "बरं, तुझं झालं की खिचडी लावतो," आणि गेला. मला मात्र स्वच्छ दिसत होतं मी काय करते आहे ते. आज ग्रिटला एक भोक होतं, म्हणून पेबलला किंमत होती. हे भोक मी बुजवलं, की ग्रिट पेबलइतकाच भरवशाचा आणि वर आटोपशीर. मग कुणी माझ्याकडे का राहावं? शहाणं माणूस राहणार नाही. मी स्वतः दुसरी कुणी असते तर राहिले नसते. वडिलांचं ते भरावावरून चालणं डोळ्यांसमोर आलं. या वेळी मी दुसरा विचार केला नाही, ते पूर्ण चालू दिलं. मग दुरुस्ती सुशांतच्या सोर्समध्ये घातली, जुने सगळे प्रोग्राम त्यावर सोडले, एकही घसरला नाही. म्हाताऱ्याच्या आणि त्याच्या शेऱ्याखाली चांगला लांबलचक शेरा लिहिला: खुंटी का, खेळ का होतो, उडी का बांधायची. वर्षापूर्वी त्याला लिहायला हवं होतं ते सगळं. मग सुशांतला पाठवलं, आणि लिस्टवरही. विषयात लिहिलं, सुशांत, ही माती. ते परदेशी लोकांना कळणार नाही हे ध्यानात आलं, पण तसंच राहू दिलं. मागितलेलं कारण दिलं होतं, माफी मात्र मागितली नाही. ओरडल्याबद्दल मला आजही काही वाटत नाही.

त्याचा फोन आला तेव्हा दुपार कलत होती. त्याचा आवाज वेगळाच लागत होता, पळत आल्यासारखा.

"मॅडम, चालवलं. जुन्यावर तुमचा प्रोग्राम टाकला, उडी चुकली. नव्यावर बरोबर आली."

"मग?"

"आमचा प्रोग्रामही नव्यानं केला. मावतोय. आधीच्यापेक्षा एकदोन बाइट जास्त घेतो, पण मावतोय."

"मग उद्या बिनघोर भरा. आणि जुना ग्रिट कुणी वापरू नये असं लिस्टवर लिही. आत्ता लिही."

"लिहिलं. साहेबांना सीसी करून लिहिलं. आणि मॅडम, तो शेरा मी तीनदा वाचला. हे तुम्हाला आधीपासून माहिती होतं?"

"अर्धं."

"मग नो कशाला म्हणत होतात नुसतं?"

"कारण ते मला फार छान जमतं."

तो पहिल्यांदाच हसला. लहान मुलगा हसतो तसं, नाकातून. मग गंभीर झाला. तो प्रश्न येणार हे मला ठाऊक होतं. चांगला मुलगा होता, विचारणारच. "पण मॅडम, आता ग्रिटमध्ये सगळंच झालं. लोक इकडेच येणार. मग पेबल कोण वापरणार?"

स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. समोर स्क्रीनवर माझी खिडकी उघडी होती, तिच्यात पेबलचा सोर्स, वरती म्हाताऱ्याचं नाव आणि त्याखाली माझं. मला वाटलं होतं, या प्रश्नानं काहीतरी तुटेल. हात लावून बघावं तसं मी आत चाचपून बघितलं. सगळं जागच्या जागी होतं.

"मी," मी म्हटलं, आणि फोन ठेवून जेवायला बसले.